रोसमाची शिदोरी

मामा बसमधून उतरला तो थेट माझ्या खानावळीत आला. पिशवी बाकावर टाकली आणि म्हणाला, "निदार, कॉफी दे. साखर तुझ्या नवऱ्याने जाकार्ताहून पाठवली असेल तेवढीच घाल."

एरवी या थट्टेला मी तोडीस तोड उत्तर देते. माझा नवरा जाकार्तात कापड विकतो आणि वर्षातून एकदा ईदला तोंड दाखवतो, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्या दिवशी मात्र माझी जीभ उचलेना. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती, सगळी गावचीच. मामाला बघताच सगळ्यांनी आपापल्या ताटात डोकं घातलं.

मामाने पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. पत्र्याचा, झाकणावर निळी फुलं रंगवलेला, एका कडेला पोचा आलेला. तो डबा ओळखत नाही असा माणूस आमच्या गावात सापडायचा नाही.

"बघ, घासूनपुसून आणलाय," तो म्हणाला. "तुझी मामी आधी झाकण उघडून वास घेणार. साबणाचा वास आला तरी बोलणार, नाही आला तरी बोलणार."

पुरुषांपैकी एकही पुढे होईना. चहाच्या कपावरून जगाचं राजकारण करणारी माणसं ही, पण असलं काही सांगायची वेळ आली की बाईमाणूसच लागतं. मी हात पुसले आणि त्याच्यासमोर बसले.

"मामा, मामी गेली. महिना होऊन गेला."

त्याने डब्यावरचा हात काढला नाही. झाकणावरच्या फुलांवरून त्याने अंगठा फिरवला. मग कोणत्या दिवशी गेली ते विचारलं. शुक्रवारी, दुपारच्या नमाजाआधी, मी सांगितलं. तो मनातल्या मनात काहीतरी जुळवत होता.

"तेव्हा डब्यात एक तुकडा होता," तो हळूच म्हणाला. मला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही. मला वाटलं, धक्क्याने काहीतरी बोलतोय.

आमच्याकडे सासरी नांदायला पुरुष जातात. घर आईचं, आईनंतर मुलींचं. लग्न झालं की पुरुष बायकोच्या घरी राहायला जातो आणि तिथे जन्मभर जावई म्हणूनच राहतो, मग केस पिकले तरी. माहेर म्हणाल तर तेही पुरुषालाच असतं, त्याच्या आईबहिणींचं घर. स्वतःची अशी खोली त्याला कुठेच नसते. म्हणून आमचे पुरुष परदेशी निघून जातात असं लोक म्हणतात. माझं मत वेगळं आहे. त्यांना जायचंच असतं, खोली असती तरी गेले असते.

बहारुममामा मात्र नुसता जायचा नाही, जाऊन लिहायचा. पादांगच्या वर्तमानपत्रात दर रविवारी त्याचा लेख यायचा आणि कॉफीच्या टपरीवर बसून मास्तर तो मोठ्याने वाचून दाखवायचे. पेनांगच्या बंदरात गोण्या उचलून त्याने जहाजाचं भाडं भागवलं होतं. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर एका बाईच्या चुलीचं चित्र काढत बसला म्हणून हेर समजून त्याला कोठडीत घातलं, आणि त्याच बाईने कोठडीत भात आणून दिला. सोंगखलाजवळ होडी उलटली तेव्हा तो रिकाम्या पिंपाला धरून रात्रभर पाण्यात राहिला; त्या लेखात वादळाबद्दल चारच ओळी होत्या आणि सकाळी ज्या कोळणीने त्याला पेज पाजली तिच्या घराच्या पायऱ्यांबद्दल पानभर. डोंगर, देवळं, राजवाडे यांत त्याला रस नव्हता. लोक चूल कुठे मांडतात, पाहुण्याला कुठे बसवतात, पाय धुवायचं पाणी कुठे ठेवतात, हेच तो लिहायचा. आम्हाला हसू यायचं आणि तरी आम्ही ऐकायचो.

प्रत्येक वेळी निघताना मामी त्याला डबाभर रेंदांग करून द्यायची. म्हशीचं मांस नारळाच्या दुधात, हळदीची पानं आणि मसाला घालून, लाकडाच्या मंद आचेवर दिवसभर ढवळत बसायचं. पाणी आटतं, मग तेल सुटतं, मग सगळं काळं आणि कोरडं होतं. असं केलेलं रेंदांग महिनाभर सहज टिकतं. परदेशी जाणाऱ्याची ती शिदोरी. मामा-मामीमध्ये लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठरलेलं होतं, शिदोरी संपली की माघारी फिरायचं. तो रोज एकच तुकडा खायचा. शेवटचा तुकडा पोटात गेला की जिथे असेल तिथून घराची वाट धरायचा. त्याचे वाचणारे हे ओळखून होते. लेखात डबा रिकामा झाला की मास्तर वर्तमानपत्राची घडी घालायचे आणि कोणीतरी जाऊन मामीला सांगायचं, "रोसमा, मासा आणून ठेव. तुझा सुतान निघाला." सुतान म्हणजे लग्न झालेल्या पुरुषाला मानाने लावायचं नाव. येणाऱ्या माणसाला ताजा मासा करायचा असतो.

या वेळी किती रविवार गेले तरी डबा रिकामा झाला नाही.

मामी आजारी पडली तेव्हा वर्तमानपत्राच्या कचेरीतून त्याचा पत्ता काढून तार केली. तो तिथून कधीच पुढे गेला होता. ती गेली आणि मग गावात एक वेगळाच घोळ सुरू झाला. बायको गेली की नवऱ्याच्या माहेरच्या बायका डोक्यावर झाकलेली तबकं घेऊन त्या घरी जातात आणि आमचा माणूस आम्हाला परत द्या असं गोड शब्दांत म्हणून त्याला घेऊन येतात. कोणी न्यायला आलं नाही तर त्या पुरुषाला वाली उरला नाही असं लोक बोलतात. पण इथे न्यायचा माणूसच जागेवर नव्हता. मोठी माणसं टपरीवर बसून वाद घालत राहिली. काही म्हणत, थांबा. काही म्हणत, किती थांबणार, सातवा दिवस उलटून गेला.

शेवटी माझ्या आईने निकाल दिला. "माझा भाऊ बेवारशी नाही," ती म्हणाली. "तो नसला तर त्याची उशी आणू." असं आमच्या गावात आजवर कोणी केलं नव्हतं. तबकं घेऊन आम्ही पाचसात बायका गेलो. मामाची मुलगी यूल्मी दारात उभी होती. तिने उशीला नवा अभ्रा घालून ठेवला होता. तिने ती माझ्या हातात दिली आणि मी लहान मूल घ्यावं तशी उशी घेऊन घरी आले. त्या दिवसापासून त्या घराशी मामाचा राहण्याचा संबंध संपला, आणि ते त्या बिचाऱ्याला माहीतही नव्हतं.

आता मी त्याला हे सगळं दुकानात बसून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, डबा काखेत घेतला आणि तो यूल्मीकडे निघाला. मी चुलीपाशी शेजारणीला बसवून त्याच्यामागे गेले. त्याला एकटं सोडवेना.

घराच्या पायऱ्यांपाशी पाण्याचा रांजण असतो आणि त्यावर करवंटीची पळी. वर चढणाऱ्याने पाय धुऊन चढायचं. मामाने पाय धुतले, अगदी टाचा घासून. वर यूल्मीने चटई अंथरली. बोटं धुवायचं वाडगं ठेवलं. काचेच्या कपाटातले सोनेरी कडेचे कप काढले. ते कप मी त्या घरात फक्त पाहुण्यांसमोर बघितले होते.

"घ्या," ती म्हणाली. "तुम्ही दमला असाल."

लहानपणी बापाच्या मानेवर बसून बाजारभर "आबा, तू पळ" असं ओरडणारी ही पोरगी. मामाने तिच्याकडे डबा सरकवला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, पाहुण्याची भेटवस्तू घ्यावी तसा.

आई कशी गेली, त्याने विचारलं. यूल्मीने मोजकं सांगितलं. खोकला, मग ताप. अंगात ताप असताना तिने बाजारातून मांस आणायला लावलं आणि दिवसभर चुलीपुढे ढवळत बसली. कोणाच्या हातात पळी दिली नाही. त्यानंतर जी आडवी झाली ती उठली नाही. रोज बसची वेळ झाली की खिडकी उघडायला सांगायची. यूल्मीने हे भिंतीकडे बघत सांगितलं.

चहा निवून गेला. मामा त्या खोलीच्या बंद दाराकडे बघत होता. आता तिथे यूल्मी आणि तिचा नवरा राहत होते, आणि तेच रीतीला धरून होतं.

"आजची रात्र इथे बाहेरच्या खोलीत टेकू का?" त्याने विचारलं.

"तुमची उशी आत्याने नेली," यूल्मी म्हणाली.

तो उठला. मला त्या क्षणी तिचा इतका राग आला की तिचा निरोप न घेता मी उतरले. पण तिच्या आईची खिडकी रोज कोणी उघडली होती, ते मला नंतर आठवलं.

बहिणीच्या घराला जावई आहे, मग तो जाकार्तात का असेना, भावाने तिथे झोपायचं नसतं. जेवायला यायचं आणि झोपायला नमाजघरात जायचं. गावातली वयात आलेली मुलं आणि बायको गेलेले म्हातारे, सगळे तिथेच ओळीने झोपतात. ज्याने अर्ध्या जगाच्या ओसऱ्या बघितल्या त्याच्या वाट्याला खांबाजवळची एक चटई आली. नवा अभ्रा घातलेली उशी मीच नेऊन दिली.

आईने त्याला सुनवायची संधी सोडली नाही. "जगातल्या बायकांच्या चुली लिहिल्यास," ताटात भात वाढता वाढता ती म्हणायची, "आपल्या बायकोची चूल विझली ते तेवढं राहिलं." आणि पुढच्याच क्षणी त्याच्या ताटात माशाचा मधला तुकडा घालायची. मामा खाली मान घालून जेवायचा. वर्तमानपत्राचा माणूस मोटारसायकलवरून लेख मागायला आला, त्याला त्याने चहा पाजून परत पाठवला. रविवार आले आणि गेले. टपरीवर मास्तर जुनेच लेख काढून वाचू लागले, पण ते ऐकायला मामा कधी थांबला नाही.

एका दुपारी मी त्याचं जेवण नमाजघरात घेऊन गेले होते. ऊन उतरत होतं, ओट्यावर आम्ही दोघंच. तो आपणहून बोलायला लागला. या खेपेला तो होड्यांवरच राहणाऱ्या लोकांच्यात गेला होता. त्या लोकांना घरच नाही. चूल होडीत, पाळणा होडीत. असले लोक त्याला आयुष्यभर शोधूनही भेटले नव्हते.

"डब्यात एक तुकडा उरला," तो म्हणाला. "तो खाल्ला की निघायला लागणार. मग मी खाल्लाच नाही. उद्या खाऊ म्हटलं. ते लोक मासे द्यायचे, तेच खायचो. डबा उघडून बघायचो आणि झाकण लावायचो."

"मग?"

"मग त्याला बुरशी आली. समुद्रात टाकला आणि निघालो." तो हाताच्या रेषांमधली शितं वेचत बसला. "मी ठरलेलं मोडलं नाही, निदार. मी त्या ठरलेल्यालाच फसवलं. त्या एका तुकड्यापायी ती खिडकीकडे डोळे लावून पडून राहिली."

तू असतास तरी ती गेलीच असती, असं सांगता आलं असतं. ते खरंही होतं. पण खरं असून त्याचा काही उपयोग नव्हता. मी ताट उचललं आणि पदराने तोंड पुसत घरी आले.

दर चार-पाच दिवसांनी यूल्मीच्या स्वयंपाकघरातून हळदीच्या पानाचा आणि आटलेल्या नारळाचा वास यायचा. मामीने शेवटचं केलेलं रेंदांग मातीच्या भांड्यात होतं आणि यूल्मी ते पुन्हा पुन्हा गरम करून टिकवत होती. गल्लीतल्या सगळ्यांना कळत होतं. मामालाही कळत होतं. त्या दिवशी तो त्यांच्या कुंपणाशी आला की चालता चालता थांबायचा.

मला राहवेना. मी यूल्मीला जाऊन सरळ विचारलं, तू बापाला ते देत का नाहीस? मेलेल्या आईच्या हातचं आहे. त्याचा तेवढा तरी हक्क आहे.

ती चुलीपुढे बसली होती. तिने पळी बाजूला ठेवली.

"ताई, मी आईला तेव्हाच म्हटलं होतं," ती म्हणाली. "आबा येणार म्हणून कोणी रेंदांग करतं का? येणाऱ्याला मासा करतात. तर आई म्हणाली, हे तो येईल म्हणून नाही, जाईल म्हणून करतेय. मी गेल्यावर त्याला या घरात जागा कुठली? तो निघेल तेव्हा डबा भरून दे. आधी देऊ नकोस."

चूल धुमसत होती. यूल्मीने डोळे पुसले नाहीत, मीही धुराचं निमित्त केलं नाही.

"दिलं की तो जाणार, ताई," ती म्हणाली. "म्हणून मी गरम करत बसते."

त्यानंतर आठवड्याचा बाजार होता त्या दिवशी मामा पिशवी घेऊन माझ्या दुकानात आला. अंगात प्रवासाचा तो जुना कोट. पादांगची बस दुपारी सुटते, त्याने तिकीट काढलं होतं. कुठे जाणार विचारलं तर म्हणाला, बघू. सकाळीच तो यूल्मीच्या पायऱ्यांशी जाऊन निघतो म्हणून सांगून आला होता. वर चढला नव्हता.

थोड्या वेळाने यूल्मी आली. निळ्या फुलांचा डबा तिने फडक्यात बांधून आणला होता. तो तिने मामापुढे ठेवला आणि आई जे बोलली होती ते सगळं, एकही शब्द न गाळता, उभ्याउभ्याच सांगितलं. मग बस यायच्या आधीच ती निघून गेली.

मामा डबा पुढ्यात घेऊन बसून राहिला. बस आली. कंडक्टरने पिशवी वर टाकू का म्हणून विचारलं. मामाने डबा उघडला. गरम करून करून रेंदांग आटलं होतं, डबा अर्ध्याहून थोडा जास्त भरला होता. त्याने वाकून वास घेतला.

"निदार, भात दे," तो म्हणाला.

मी भात वाढला. त्याने त्यावर एक तुकडा घेतला, मग दुसरा. जन्मभर रोज एकच खाणारा माणूस. बस भोंगा वाजवत होती. मामाने डबा उचलला आणि शेजारच्या बाकावरच्या माणसापुढे धरला. मग मास्तरांपुढे. मग ओळख ना पाळख अशा दोन बाजारकऱ्यांपुढे. "घ्या," तो प्रत्येकाला सांगत होता, "रोसमाच्या हातचं आहे." ड्रायव्हर चिडून खाली उतरला होता, त्यालाही त्याने एक तुकडा दिला, कंडक्टरला दिला. मग सगळं दुकान जेवलं, मामीच्या सातव्या दिवशी जेवलं होतं तसं. माझ्याही हातावर त्याने तुकडा ठेवला. चव तशीच होती, काही बिघडलं नव्हतं.

डबा रिकामा झाला. तळाशी चिकटलेलं त्याने भाताच्या घासाने पुसून घेतलं आणि खाल्लं. ड्रायव्हरने तोंड पुसलं, "सुतान, चलायचं?" असं अदबीने विचारलं. मामाने मानेनेच नको म्हटलं. बस गेली.

"शिदोरी संपली," मामा मला म्हणाला, आणि डबा घेऊन चालायला लागला. पिशवी त्याने बाकावरच ठेवली होती. ती घेऊन मी मागे गेले.

यूल्मी अंगणात मिरच्या वाळत घालत होती. त्याला बघून ती उभी राहिली.

"बस चुकली?"

"नाही. डबा संपला."

ती काय समजायचं ते समजली. मामा रांजणापाशी उकिडवा बसला. पळीने पाणी घेऊन त्याने डबा धुतला, आतून, बाहेरून, झाकणाची खाचसुद्धा बोटाने घासली, कोटाच्या बाहीने पुसला आणि तिच्या हातात दिला. तिने झाकण उघडून वास घेतला. आईची सवय तिच्यात कधी आली ते तिलाही कळलं नसावं.

मग तिने डबा पायरीवर ठेवला, त्याच्या हातातली पळी घेतली आणि रांजणात बुडवून भरली.

"आबा, पाय पुढे कर," ती म्हणाली. "वर चल."

मामाने तिच्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत त्याचा चेहरा पहिल्यांदाच हलला. पण त्याने पाय मागे घेतले.

"नको. पाय धुतले की वर चढावं लागतं," तो म्हणाला. "तुझ्या आईने मला निघायची शिदोरी दिली, यूल्मी. तिचं हे शेवटचं तरी ऐकू दे. मी निघालो. फार लांब जात नाही, एवढंच."

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो धुळीच्या पायांनी नमाजघराच्या वाटेला लागला. यूल्मी पाण्याने भरलेली पळी धरून पायरीशी उभी राहिली. मी त्याची पिशवी उचलली आणि त्याच्यामागे निघाले.